चाइल्ड सीटचं बकल आपोआप उघडतं आणि विक्रेता म्हणतो मुदत संपली

ताई, सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी वीस महिन्यांची आहे. पाच महिन्यांपूर्वी माझ्या भावाने तिच्यासाठी गाडीत बसवायची चाइल्ड सीट ऑनलाइन मागवून भेट दिली. बिल त्याच्या नावावर आहे. गेल्या महिन्यात स्पीडब्रेकरवरून जाताना सीटच्या पट्ट्याचं बकल आपोआप उघडलं. आधी वाटलं, माझ्याकडूनच नीट लागलं नसेल. मग मुद्दाम लक्ष ठेवलं. ‘टक’ असा आवाज ऐकला, पट्टा ओढून पाहिला, तरी आठवड्याभरात ते पुन्हा उघडलं. मुलीला न बसवता आम्ही घरी तपासलं, तेव्हा लाल बटण न दाबता नुसता हिसका दिला तरी कधीकधी पट्टा निसटून हातात येतो.

विक्रेता म्हणतो, परत घेण्याची दहा दिवसांची मुदत संपली. कंपनी आधी म्हणाली, तुम्ही बकल अर्धवट लावलं असेल. मग म्हणाली, वापराने झीज झाली आहे आणि बकल वॉरंटीत येत नाही. आता म्हणते, सीट पाठवून द्या, दुरुस्त करून देऊ. त्याच सीटखालच्या अभिप्रायांत आणखी काही पालकांनी हीच तक्रार लिहिलेली मला सापडली. घरचे म्हणतात, मुलीला काही लागलं नाही ना, मग कशाला मागे लागतेस? काही झालेलंच नसताना तक्रार करता येते का? बिल माझ्या नावावर नाही, त्याचं काय? आणि सीट कंपनीला पाठवू का?

एक आई

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर झाला तर बाकीचं सगळं अवघड होईल. सीट कंपनीला पाठवू नका. निदान आत्ता नाही, आणि पुढे पाठवावी लागली तरी मी खाली सांगते तेवढी तयारी झाल्याशिवाय तर नाहीच. तुमच्या हातात पुरावा म्हणून ही एकच वस्तू आहे. ती ‘दुरुस्त’ होऊन परत आली, म्हणजे बकल बदललेलं असेल आणि जुनं बकल तुम्हाला पुन्हा दिसणार नाही. मग ते सदोष होतं हे सिद्ध कशावरून करायचं? कंपनीच्या मनात काळंबेरं असेलच असं मी म्हणत नाही. दुरुस्ती करणारा माणूस त्याचं काम म्हणून खराब भाग काढून टाकेल, एवढं झालं तरी तुमची बाजू लंगडी पडते.

ती सीट आजपासून वापरायची नाही, हे तुम्ही केलंच असेल. तरीही लिहिते, कारण ‘दर वेळी उघडत नाही’ हे वाक्य फसवं असतं. दहापैकी नऊ वेळा टिकणारं बकल दहाव्या वेळी कधी उघडेल हे तुम्हाला माहीत नाही. दुसरी सीट मिळेपर्यंत मुलीचा गाडीतला प्रवास शक्य तितका टाळा. तिला मांडीवर घेऊन दोघींभोवती एकच पट्टा लावणं हा उपाय नाही. धडक बसली तर मोठ्या माणसाच्या शरीराचा सगळा भार पट्ट्याच्या आतल्या लहानग्यावर येतो. बकलला दोरी किंवा चिकटपट्टी लावून काम भागवणंही नको. त्यात जीवाचा धोका आहेच, शिवाय ‘ग्राहकाने वस्तूत बदल केला’ असं म्हणायला कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि सीट कुणी मागितली तर देऊ नका, जुन्या वस्तूंच्या बाजारात तर अजिबात विकू नका.

आता घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. त्यांना सुटकेचा नि:श्वास टाकावासा वाटला, यात चूक नाही. पण ‘काही झालं नाही’ आणि ‘तक्रारीला जागा नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर बहुतेक वस्तू रोज वापरताना आपला दोष दाखवतात. मिक्सर बिघडला तर सकाळीच कळतं. सुरक्षेच्या वस्तूची खरी परीक्षा मात्र अपघाताच्या एका क्षणात होते आणि त्या वेळी ती हरली तर तक्रार करण्याजोगं काही उरत नाही. तुम्हाला हा दोष अपघाताआधी कळला. सीट आयुष्यात जे एकच काम करण्यासाठी घेतली ते काम ती करत नाही, म्हणजे ती सदोष आहे. मुलीला खरचटलं आहे की नाही, याचा त्या निष्कर्षाशी संबंध नाही.

कायदाही हेच म्हणतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन तो जुलै २०२० पासून अंमलात आला. वस्तूच्या गुणवत्तेत, क्षमतेत किंवा दर्जात असलेली उणीव म्हणजे दोष, अशी त्याची व्याख्या आहे. तो दर्जा कायद्याने ठरवलेला असू शकतो, कराराने ठरलेला असू शकतो किंवा विक्रेत्याने स्वतः ‘कोणत्याही प्रकारे’ दावा केलेला असू शकतो. ही शेवटची बाब नीट लक्षात घ्या. सीटच्या जाहिरातीत, वेबसाइटवरच्या वर्णनात किंवा खोक्यावर ‘पाच बिंदूंचा सुरक्षित हार्नेस’, ‘अमुक मानकानुसार प्रमाणित’ असं काही लिहिलं असेल, तर तो विक्रेत्याचा दावा आहे आणि सीट त्या दाव्याला उतरली नाही तर तो दोष आहे. म्हणून वेबसाइटवरच्या त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा, तारीख आणि वेळ दिसेल असे. वर्णनं बदलतात, पानं गायब होतात. ज्या पालकांनी तीच तक्रार लिहिली आहे त्यांच्या अभिप्रायांचेही घ्या.

बिलाची काळजी सोडा. वस्तू विकत घेणारा तर ग्राहक असतोच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही कायद्याच्या लेखी ग्राहकच असतो. ऑनलाइन खरेदीचाही उल्लेख कायद्यात स्वच्छ आहे. ग्राहक अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने आई-वडील तक्रार करू शकतात, अशीही तरतूद आहे. म्हणजे तुमची मुलगी ग्राहक आणि तुम्ही तिची आई, एवढं पुरेसं आहे. भावाकडून बिलाची प्रत आणि ‘ही सीट मी माझ्या भाचीच्या वापरासाठी भेट दिली’ असं सहीनिशी दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. त्याला स्वतःला तक्रारीत उभं राहायची इच्छा असेल तर तेही चालेल.

कंपनीची दोन उत्तरं, ‘अर्धवट लावलं असेल’ आणि ‘झीज झाली’, यांच्यावर मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. ही उत्तरं ऐकून पालक गप्प बसतात, स्वतःलाच दोष देतात. तुम्हीही पहिल्या वेळी तेच केलं. आईला अपराधी वाटणं किती सोपं असतं हे अशा वस्तू विकणाऱ्यांना ठाऊक असतं.

सीटच्या मागे किंवा तळाशी एक लेबल असेल. त्यावर ‘ईसीई आर४४’ किंवा ‘आर१२९’ असं लिहिलेलं आणि वर्तुळात इंग्रजी ‘ई’ व त्यापुढे एक आकडा आहे का ते पाहा. आर४४ चं लेबल बहुधा नारिंगी असतं. ही संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतली वाहन-नियमावली आहे आणि चाइल्ड सीटसाठी अनेक देशांत तीच प्रमाण मानली जाते. भारतातलं एआयएस ०७२ हे मानकही आर४४ च्याच धर्तीवर आहे. या आर४४ मध्ये बकलबद्दल काय लिहिलंय ते पाहण्यासारखं आहे. बकलची रचनाच अशी हवी की ते चुकीचं लावण्याची शक्यता उरू नये, आणि विशेषतः ते अर्धवट बंद अवस्थेत राहूच शकता कामा नये. म्हणजे ‘तुम्ही अर्धवट लावलं असेल’ असं कंपनी म्हणते तेव्हा ती नकळत स्वतःच्या बकलचा दोष कबूल करते. अर्धवट लागून बंद झाल्यासारखं भासणारं बकल त्या मानकात बसतच नाही.

झिजेचंही तसंच. त्या मानकानुसार बकल ५,००० वेळा उघडबंद करून तपासावं लागतं. तुम्ही ती सीट पाच महिने वापरली. दिवसातून दहा वेळा लावलं आणि काढलं असं धरलं, जे कुठल्याही घरात होत नाही, तरी आकडा दीड हजाराच्या आसपास जातो. तेवढ्यात बकल झिजलं असेल तर ते मुळात प्रमाणित दर्जाचं नव्हतं. ‘मुलीनेच बटण दाबलं असेल’ हा तिसरा मुद्दा कंपनीने अजून काढलेला नाही, पण काढेल. लाल बटण दाबायला ४० ते ८० न्यूटन, म्हणजे साधारण चार ते आठ किलो वजनाइतका जोर लागावा असं मानक सांगतं. लहान मूल सहज उघडू शकणार नाही आणि अपघातानंतर मोठ्या माणसाला चटकन उघडता येईल, असा त्या आकड्यांमागचा विचार आहे.

लेबलच नसेल, तर तुमची तक्रार आणखी गंभीर होते. मग प्रमाणित असल्याचा दावा कुठे केला होता का, हे शोधा.

कणी, धूळ, सांडलेलं दूध बकलमध्ये गेलं म्हणून बिघडलं, असंही काही कंपन्या म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या साठ लाखांहून अधिक चाइल्ड सीट्सच्या बकलबाबत ‘रिकॉल’, म्हणजे बाजारातून माल परत बोलावण्याची मोहीम झाली. तिथला दोष तुमच्या उलट होता, बकल अडकून उघडतच नव्हतं. कंपनीने खाण्याच्या कणांकडे बोट दाखवलं होतं. पण लहान मूल सीटवर बसून काहीतरी सांडणारच, हे सीट बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरायला हवं. त्या प्रकरणाची चौकशी पालकांच्या तक्रारींमुळे सुरू झाली आणि दोषाची माहिती वेळेत न दिल्याबद्दल पुढच्या वर्षी कंपनीला एक कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला. त्यातला प्रत्येक पालक आधी एकटाच होता, तुमच्यासारखा.

एक गोष्ट मात्र मन कठोर करून तपासा. सीटची माहितीपुस्तिका उघडा. मुलीचं वजन आणि उंची तिथे दिलेल्या मर्यादेत आहे ना? सीट सांगितल्याप्रमाणेच बसवली होती ना? बकल कधी तेल लावून किंवा पाण्याने धुतलं होतं का, आणि पुस्तिकेत त्याला मनाई आहे का? गाडीला आधी धडक बसली होती का? वस्तूचा गैरवापर झाला किंवा ग्राहकाने तिच्यात बदल केला असेल तर कंपनीची जबाबदारी सुटते, असं कायदा सांगतो. पुढे समोरचा वकील हेच विचारणार आहे. त्यामुळे उत्तरं आत्ताच स्वतःला माहीत असलेली बरी. पुस्तिकेत काही इशाराच दिलेला नसेल किंवा सूचना अपुऱ्या असतील, तर तीही कंपनीचीच कसूर ठरते.

आता पुरावा. मुलीला सीटजवळ न आणता, सीटमध्ये एखादी जड पिशवी ठेवून व्हिडिओ करा. एकाच सलग चित्रणात आधी लेबल, अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख दिसू द्या. मग बकल लावा, ‘टक’ असा आवाज येऊ द्या, आणि बटणाला हात न लावता पट्टा ओढा. न उघडल्यास पुन्हा करा. चित्रण मध्ये कुठेही कापू नका आणि न उघडलेल्या वेळाही काढून टाकू नका. ‘कधी उघडतं, कधी नाही’ हाच तुमचा आरोप आहे, तो जसाच्या तसा दिसू द्या. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कारण मेसेजमधून पाठवलेल्या प्रतीतलं चित्रण अस्पष्ट होऊन येतं. मग सीट एका खोक्यात घालून, बंद करून, त्यावर तारीख आणि सही करून ठेवून द्या. बकल उघडून आत काय आहे ते पाहायचा मोह टाळा, ओळखीच्या मेकॅनिकलाही हात लावू देऊ नका.

कंपनीशी फोनवर झालेलं बोलणं पुराव्यात धरलं जात नाही असं नाही, पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा लेखी व्यवहार बरा. त्यांना एक ई-मेल लिहा आणि तोच मजकूर छापून स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधा ठेवा, काहीसा असा:

‘अमुक तारखेला खरेदी केलेल्या, अमुक अनुक्रमांकाच्या आपल्या चाइल्ड सीटचं बकल बटण न दाबता उघडतं. अमुक दोन तारखांना मूल सीटमध्ये असताना हे घडलं. आपण फोनवर हे झिजेमुळे किंवा चुकीच्या वापरामुळे झाल्याचं सांगितलं, ते आम्हाला मान्य नाही. मुलाच्या जीवाला धोका असल्याने सीट वापरणं आम्ही थांबवलं आहे. सीट आमच्याकडे सीलबंद असून आपला प्रतिनिधी पूर्वसूचना देऊन, आमच्या समक्ष, ती पाहू शकतो. पूर्ण किंमत परत करावी, आणि याच प्रकारच्या किती तक्रारी आपल्याकडे आल्या आहेत व त्यावर आपण काय केलं हे पंधरा दिवसांत लेखी कळवावं. अन्यथा आम्ही ग्राहक आयोगात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करू.’

हे पत्र तिघांना पाठवा: ज्याचं नाव सीटवर आहे ती कंपनी, माल विकणारा विक्रेता आणि ज्या वेबसाइटवरून मागवली ती. सीट बाहेरून आयात झाली असेल तर लेबलवर आयातदाराचं नाव असतं, त्यालाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो स्वतःचं नाव लावून विकतो तो कायद्याने उत्पादकच मानला जातो. आणि उत्पादक परदेशात असेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर नुकसानभरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. वेबसाइटबद्दल सांगायचं तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तिला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी लागते. त्या अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर कुठेतरी तळाशी असतं. त्यालाच लिहा. चॅटवर उत्तर देणाऱ्या यंत्राशी वाद घालून काही हाती लागत नाही.

दहा दिवसांच्या मुदतीचं तेवढं स्पष्ट करते. ती विक्रेत्याने ठरवलेली परतीची मुदत आहे. रंग आवडला नाही, माप बसलं नाही, अशा कारणांसाठी तिचा उपयोग. मालातल्या दोषाबद्दल दाद मागण्याचा हक्क त्या मुदतीने संपत नाही. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तुम्ही सावधपणे खरेदीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे त्यावर वादच नको.

पत्राला उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीपर्यंत पोहोचवली जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच पैसे परत मिळतात. पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, म्हणून तिथे महिनोन्‌महिने अडकून राहू नका.

मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. बिलावर ‘अमुक शहराच्या न्यायालयाच्या अधीन’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी लागत नाही आणि चाइल्ड सीट त्यात सहज बसते. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. लहान मूल घरात असताना हे फार सोयीचं पडतं.

तक्रारीत एक विनंती आवर्जून लिहा: सीट प्रयोगशाळेत तपासली जावी. दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू सील करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तिने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते, निकालात ती खर्चात मागता येते. सीट जपून ठेवायला मी इतकं का सांगते, ते आता कळलं असेल. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असा कायद्याचा प्रयत्न आहे. प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ जातो, त्याची मनाची तयारी ठेवा.

मिळेल काय? किंमत व्याजासह परत, तक्रारीचा खर्च आणि मनस्तापाबद्दल काही रक्कम, एवढी अपेक्षा ठेवा. इथे एक भेद समजून घ्या, नाहीतर इंटरनेटवर वाचून भलत्याच आशा लागतात. २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं नवं प्रकरण आलं. सदोष मालामुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागण्याचा तो मार्ग आहे. त्यातली मोठी सोय अशी की वस्तूच्या निर्मितीत किंवा रचनेत दोष असल्याचं ठरलं की उत्पादकाचा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. पण तो मार्ग प्रत्यक्ष इजेसाठी आहे: शारीरिक दुखापत, त्यातून आलेला मानसिक त्रास, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान. खुद्द त्या सदोष वस्तूचं नुकसान त्यात येत नाही. तुमच्या मुलीला इजा झालेली नाही, हे तुमचं भाग्य. तुमची तक्रार सदोष मालाची आहे. ती तेवढीच खरी आहे, फक्त भरपाईचा आकडा लहान असेल. ‘काय होऊ शकलं असतं’ याची किंमत आयोग लावत नाही. ज्या कुणाच्या मुलाला सदोष वस्तूमुळे खरोखर लागलं असेल, त्यांनी मात्र उपचारांची सगळी कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपावीत आणि डॉक्टरांना दुखापत कशाने झाली ते केसपेपरवर लिहायला सांगावं.

आणि आता मला तुमच्याकडून जे खरं हवं आहे ते. पैसे परत मिळाले की बहुतेक जण थांबतात. तुम्ही थांबू नका. त्या अभिप्रायांतले बाकीचे पालक आठवा. तोच साचा, तोच माल अजून विकला जातो आहे आणि ज्यांनी अभिप्राय वाचले नाहीत ते आज आपलं मूल त्यात बसवून निघाले आहेत. तुमच्या तक्रारीतून त्यांना किंमत परत मिळणार नाही, पण धोका थांबू शकतो. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. एका ग्राहकाचे पैसे मिळवून देणं हे त्याचं काम नाही, अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा येते तिथे ते लक्ष घालतं. चौकशीअंती माल धोकादायक ठरला तर तो बाजारातून परत बोलावण्याचा आणि घेणाऱ्यांना किंमत परत देण्याचा आदेश ते देऊ शकतं. मे २०२३ मध्ये या प्राधिकरणाने पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले होते. गाडीचा सीटबेल्ट न लावताच इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा त्या विकत होत्या. त्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या गेल्या. म्हणजे हा अधिकार फक्त कागदावर नाही.

प्राधिकरणाकडे तक्रार लेखी किंवा ऑनलाइन करता येते, जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली तरी चालते. सोबत तुमचा व्हिडिओ, लेबलचे फोटो, कंपनीची उत्तरं आणि इतर पालकांच्या अभिप्रायांचे स्क्रीनशॉट जोडा. त्यातल्या एखाद्या पालकाशी संपर्क होऊ शकला तर एकत्र तक्रार करा. समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार दाखल करण्याचीही सोय कायद्यात आहे. एकाच सीटचं बकल उघडलं तर कंपनी त्याला अपवाद म्हणते. चार गावांतल्या चार सीट्स तशाच उघडल्या, की दोष रचनेत आहे का हा प्रश्न तिला टाळता येत नाही.

तुमचं पत्र पोहोचल्यावर कंपनी कदाचित लगेच पैसे परत द्यायला तयार होईल. घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पैशांबरोबर एक कागद येईल: ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही, मी याबद्दल कुठेही काही लिहिणार वा बोलणार नाही.’ त्यातलं दुसरं वाक्य खोडल्याशिवाय सही करू नका. पहिल्या वाक्यात ‘किमतीबाबत’ हा शब्द घाला. पैसे देताना ते सीट परत मागतील, ते रास्त आहे. तोवर प्राधिकरणाकडे तक्रार गेलेली असली तर सीट देण्याआधी त्यांना तसं लेखी कळवा आणि कुणी, कधी, कोणत्या अनुक्रमांकाची सीट नेली याची सही असलेली पोच घ्या. सीट त्यांनी नेलीच नाही आणि प्रकरण मिटलं, तर तिचे सगळे पट्टे कापून, कापडावर मार्करने ‘सदोष, वापरू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहून मगच ती टाका, नाहीतर कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेईल.